दर सोमवारी ताप येणारी गाडी

अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "दिगांबरभाऊ, तुमचे गॅरेजचे अनुभव लिहून द्या. मात्र जरा प्रेरणादायी असू द्या." राजेहो, ज्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीखाली उताणं पडून गेलं, ज्याच्या तोंडावर जळकं ऑइल सांडलं की त्याच तोंडातून दिवाळी अंकात छापता न येणारे शब्द निघतात, त्याच्याकडून प्रेरणा कसली घेता? पण नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. 'उद्या देतो' म्हणायची आहे. त्या सवयीनं हा लेखही उद्या-उद्या करत दीड महिना उशिरा देतो आहे.

कारंज्यात एसटी स्टँडपासून थोडं पुढे माझं गॅरेज आहे. बोर्डावर 'सर्व प्रकारच्या गाड्यांचे निदान' असं लिहिलं आहे. निदान हा शब्द मीच घातला. पेंटर म्हणत होता 'दुरुस्ती' लिहू. मी म्हटलं, दुरुस्ती कोणीही करतो, हातोडा सगळ्यांकडे असतो. खरं काम आहे बिघाड कुठे आहे ते शोधायचं. डॉक्टरचं बरं असतं, पेशंट निदान बोट ठेवून सांगतो की इथं दुखतं. माझा पेशंट मुका, आणि त्याच्या वतीनं त्याचा मालक बोलतो. मालक म्हणतो, "मिस्तरी, खालून आवाज येते." कसा येतो? तर तो गाल फुगवून, हात हलवून आवाज काढून दाखवतो. एका ठेकेदारानं बेअरिंगचा आवाज तोंडानं इतका हुबेहूब काढला की मी गाडीला हात न लावता बेअरिंग मागवलं, आणि तेच गेलेलं निघालं. असे कलाकार फार थोडे. बाकीच्यांचं तोंड आणि गाडी, दोघांचंही मलाच ऐकून घ्यावं लागतं.

आणि एक आमचे गुरुजी. त्यांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. हा दिवा म्हणजे गाडीनं 'मले बरं नाई' असं सांगणं. गुरुजी तीन महिने फिरकले नाहीत. आले तेव्हा गाडी दोरीनं ओढून आणलेली आणि इंजिन बसलेलं. मी मीटरकडे पाहतो तर दिव्याच्या जागी बायामाणसं लावतात ती लाल टिकली चिकटवलेली. "गुरुजी, हे काय?" तर म्हणतात, "अहो, गाडी चालवताना डोळ्यात खुपायचा तो दिवा. म्हणून मंडळींनी लावून दिली." पिढ्यान् पिढ्या पोरं शिकवलेला माणूस आणि आजाराच्या तोंडावर टिकली! हा किस्सा मी पुढची दोन वर्षं गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येकाला चहासोबत वाढला. तुम्हीही लक्षात ठेवा, कामी पडेल.

आता मुख्य गोष्ट.

इंझोरीचा प्रल्हाद हा संत्र्याच्या बागेचा मालक. तीन वर्षांपूर्वी मळणीयंत्रात त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या खालून. नकली पाय बसवला, पण तो पाय क्लच दाबायच्या कामाचा नाही. ज्या माणसानं ट्रॅक्टर पळवला, तो दोन वर्षं ओसरीत खाटेवर बसून होता. बागेत जायचं तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर पोत्यासारखं मागे बसायचं, आणि पोतं परत न्यायची त्या माणसाला फुरसत होईपर्यंत वाट पाहायची. मग गेल्या दसऱ्याला त्याच्या भाच्यानं पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून आणून दिली. या गाडीला क्लचच नसतो. गिअर ती स्वतः बदलते. डाव्या पायाला कामच नाही, नुसतं आरामात बसायचं. गाडी आली त्या दिवशी प्रल्हाद एकटा बागेत गेला आणि सांज झाली तरी परतेना. घरचे घाबरून शोधत गेले. हा पठ्ठ्या झाडाखाली गाडी उभी करून नुसता स्टेअरिंग धरून बसलेला होता.

महाशिवरात्रीच्या सुमारास एका सोमवारी हीच गाडी कुथत कुथत माझ्या दारात आली. सोबत त्याची बायको, सुमनवैनी.

"मिस्तरी, हिले ताप येते," प्रल्हाद म्हणाला.

"कोनाले?"

"गाडीले. सकाळी चालू केली का मीटरमंदी दिवा लागते, गिअरबॉक्स गरम झाला म्हून सांगते, अन् मंग एकाच गिअरमंदी चालते. बैलगाडी पुढं निघून जाते."

यात नवल नाही. गिअरबॉक्स फार तापला असं गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटलं, की तो गाडीला एका गिअरमध्ये अडकवून ठेवतो. हेतू असा, की मालकानं गाडी थांबवावी. कॉम्प्युटर बनवणाऱ्यानं आपल्याकडचे मालक पाहिलेले नाहीत. आपला मालक थांबत नाही, आणखी जोरात दाबतो.

"शोरूमले दाखोली का?"

"दाखोली ना. ते म्हणतात अख्खा गिअरबॉक्स बदला. तेवढ्यात दुसरी गाडी येते. मोठा भाऊ म्हणते, इकून टाक भंगारात." मग त्यानं मान खाली घातली. "मिस्तरी, हे गेली त मी पुन्हा खाटेवर. मंग मले उठाले कारन नाई."

ते शोरूम कुठलं ते विचारू नका. मोठ्या काचा, थंडगार हॉल, आणि आजारी अवयव न शोधता अख्खं शरीर बदलून द्यायची तयारी. शर्टाला डाग नसलेला माणूस गाडीबद्दल बोलू लागला की मी आधीच सावध होतो.

तेवढ्यात सुमनवैनी म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? हे दर सोमवारीच होते. मंगळवार-बुधवारपर्यंत राह्यते, मंग आपोआप बरी होते. शोरूमले गेलो तो बेस्तरवार होता. तवा दिवा लागलाच नवता."

मी हसलो. आत्ता लिहितानाही लाज वाटते, पण हसलो. म्हटलं, "वैनी, गाडीले वार समजत नाई. तिले क्यालेंडर वाचता येत असतं त तिनं दिवाळीची सुट्टीबी मागतली असती."

"मले काय समजते त्यातलं," त्या म्हणाल्या. "म्या पाह्यलं ते सांगतलं. घरचे म्हणतात, यायनं सोमवारचा उपास सोडला म्हून होते."

"उपास गाडीनं धरला होता का यायनं?" मी म्हणालो, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूश झालो. वर गुरुजींच्या टिकलीचा किस्साही ऐकवला. प्रल्हाद खो खो हसला. वैनीही हसल्या, जरा बेतानं.

गाडी मी ठेवून घेतली. आता माझी विद्या सांगतो, ऐका. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी तिचं सगळं अंग सारखंच गार असतं. हवा, इंजिनाचं पाणी, गिअरबॉक्सचं ऑइल, तिन्हींचं तापमान एकच. चाबी फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही, आणि स्कॅनर लावून तिन्ही आकडे वाचायचे. दोघं एक सांगतात आणि तिसरा वेगळं, तर तिसरा खोटारडा. याला फार शिकावं लागत नाही, लवकर उठावं लागतं, आणि शोरूम उघडतं दहा वाजता.

मंगळवारी सकाळी स्कॅनर लावला. हवा एकवीस. इंजिन एकवीस. गिअरबॉक्स एकशे एकतीस! मी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सच्या पत्र्याला तळहात लावला. माठासारखा गार. मी तिथंच पडल्या पडल्या हसलो. गिअरबॉक्स धडधाकट होता, फक्त त्याच्या पोटातला थर्मामीटर खोटं बोलत होता.

या थर्मामीटरला सेन्सर म्हणतात. हरभऱ्याएवढी वस्तू, गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये बुडून बसलेली. तिचा स्वभाव असा, की गार असली की विजेला अडवते आणि तापली की वाट देते. कॉम्प्युटर दुरून एवढंच मोजतो की वीज किती अडली. कमी अडली म्हणजे ऑइल तापलं. तो बिचारा स्वतः हात लावून पाहू शकत नाही, सांगितलं त्यावर विश्वास ठेवतो. आमच्याकडे असे साहेब पुष्कळ आहेत.

नागपूरहून नवा सेन्सर मागवला. ऑइल काढलं, खालचा पत्रा उतरवला, जुना काढून नवा लावला. बाहेरचा वायरचा प्लग काढताना त्यात काहीतरी हिरवं दिसलं. तांब्याला कधीमधी येतं तसं. फडक्यानं पुसून टाकलं आणि प्लग लावून दिला. हे वाक्य वाचून विसरू नका, मी मात्र लगेच विसरलो.

गाडी झकास झाली. प्रल्हादनं संत्र्यांचं खोकं आणून दिलं. त्याचा मोठा भाऊही आला आणि "मानलं मिस्तरी" म्हणून गेला. मी महिनाभर कारंज्यात असा फिरलो, जसा काही सेन्सर मीच जन्माला घातला. स्टँडवरच्या एसटी ड्रायव्हरांनाही थांबवून सांगितलं, की शोरूमवाले अख्खा गिअरबॉक्स बदलत होते आणि मी हरभऱ्याएवढी वस्तू बदलली. त्यांची गाडी सुटायची वेळ झाली तरी मी सोडत नव्हतो.

रामनवमी आठवड्यावर आली आणि सोमवारी प्रल्हाद पुन्हा दारात. कुथत कुथत.

"मिस्तरी, ताप आला."

मला गाडीचा नाही, त्याचाच राग आला. फुशारकी मारून झाल्यावर बिघाड परत येणं यासारखा अपमान नाही. पुन्हा स्कॅनर लावला. पुन्हा तोच खोटा आकडा. म्हटलं, नागपूरवाल्यानं नकली माल दिला. दुसरा सेन्सर मागवतो, दहा-बारा दिवस लागतील.

प्रल्हादचा चेहरा पडला. "रामनवमीले पोहरादेवीले जाचं आहे. पाय गेला तवा हिनं नवस केलता, का मी सवता गाडी चालवत देवीच्या दारात येईन. मोठा भाऊ म्हणते, मी घेऊन जातो मायावाल्या गाडीत. त्याच्या मांगं बसून गेलो त नवस कायचा, मिस्तरी?"

आणि इथं मी ते केलं, जे आमच्या धंद्यात सगळे करतात आणि कोणी लिहीत नाही. बाजारात विजेला ठरावीक अडथळा करणारा एक चिमुकला तुकडा मिळतो, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे. सेन्सरकडे जाणाऱ्या वायरी कॉम्प्युटरच्या जवळ तोडल्या आणि त्या जागी तो तुकडा जोडला. आता गिअरबॉक्स गार असो की पेटलेला, कॉम्प्युटरला कायम एकच बातमी जाणार, की साहेब, तापमान ऐंशी, सगळं आलबेल. वर काळी पट्टी गुंडाळली. दिवा गेला. गाडी पळाली.

"झालं?" प्रल्हादनं विचारलं.

"झालं. आता दिवा लागला नाई त बिनघोर चालवा."

मनाशी म्हटलं, रामनवमी होऊ दे, मग सेन्सर आला की नीट करू. प्रल्हादला मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी निदानाची पाटी उतरवावी लागली असती.

रामनवमीला दुपारी फोन आला. गाडी पोहरादेवीच्या अलीकडे रस्त्यात बंद पडली आहे. मी मोटरसायकल काढली. तुम्हाला तिथल्या जत्रेची गर्दी ठाऊक असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून समजणार नाही. ट्रॅक्टर, टेम्पो, पायी माणसं, डफडी, आणि ऊन असं की डांबराला चप्पल चिकटते. दीड तास गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या. अशा सरकण्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सगळ्यात जास्त तापतो, कारण आतलं ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि समोरून वारा लागत नाही. त्यात ऑइल गार करणाऱ्या जाळीत मागच्या हंगामातलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, गच्च बसलेलं. ते मी तिथं गेल्यावर पाहिलं. आधी दोनदा गाडी माझ्याकडे येऊन गेली, तेव्हा जाळीकडे पाहायला मला फुशारकीतून वेळ मिळाला नव्हता.

प्रल्हाद रस्त्याच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत दगडावर बसला होता. नकली पाय काढून बाजूला ठेवला होता, घामानं जखम झाली होती. लोक जाता-येता त्या पायाकडे पाहत होते.

"काय झालं?"

"मले त काईच समजलं नाई," तो म्हणाला. "ही म्हणे, करपल्यावानी वास येऊन राह्यला, थांबा. मी म्हणलं, दिवा नाई लागला. मिस्तरीनं सांगतलं, दिवा नाई त बिनघोर. तीनदा म्हणली. चवथ्यांदा हिनं सरळ चाबीच काढून घेतली."

"दूध उतू जाते तवा का दिवा लागते का घरात?" सुमनवैनी म्हणाल्या. "वासच येते ना."

मी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल तांबडं असायला हवं, ते चहासारखं झालं होतं आणि वास करपलेला. आणखी पाव तास गाडी चालली असती तर आतल्या पट्ट्या जळून गिअरबॉक्सचा कोळसा झाला असता. मग शोरूमवाला खरा ठरला असता आणि प्रल्हाद खाटेवर गेला असता, माझ्या हातानं. देवीचं देऊळ तिथून दिसत होतं, पण मोठा भाऊ आपली गाडी घेऊन येईपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले, दर्शनाला गेलेच नाहीत. स्वतः चालवत जायचं होतं ना.

"मिस्तरी, दिवा काहून नाई लागला?" प्रल्हादनं विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "ऊन लय आहे न बावा. अशा उन्हात मशीनचा बी भरोसा नाई."

सुमनवैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळीतलं कुटार काढत बसलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. ऊन उतरल्यावर, गिअरबॉक्स गार झाल्यावर, गाडी कशीबशी इंझोरीला पोचवली.

पाच दिवस मला धड जेवण गेलं नाही. आमची ही विचारते, "तब्येत बरी नाई का?" मी म्हणतो, बरी आहे. म्हणजे घरीही तोच धंदा, तापमान ऐंशी, सगळं आलबेल. शेवटी रविवारी सांजेला नव्या ऑइलचे डबे घेऊन मी स्वतः इंझोरीला गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. वाटेत दोनदा बेत बदलला.

अंगणात शिरलो तर प्रल्हाद खुर्चीवर बसून गाडी धूत होता. हातात बागेच्या फवारणीचा पंप. ही बंदूकच असते, उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी फेकते. तो गाडीच्या पोटाखाली नळी घालून खालून वर फवारा मारत होता, अगदी मनापासून.

"हे कधीपासून करता?" मी विचारलं.

"गाडी आली तवापासून. दर रविवारी. सोमवारी महादेवाले जातो ना, मंग गाडी सोच्छ पाह्यजे. पयले बैल धुवत होतो, आता खाली वाकता येत नाई. हे खुर्चीवर बसून होते."

माझी नजर पंपाच्या ड्रमवर गेली. ड्रमच्या आत, पाण्याच्या रेघेवर, निळंहिरवं कडं बसलेलं. मोरचूद! संत्र्याच्या झाडाला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारतात. त्याच ड्रममध्ये, तोच पंप. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. माझ्या बापाचीही बाग होती, माझं पोरपण काठीनं मोरचूद ढवळण्यात गेलं, आठ-आठ दिवस बोटं निळी राहायची. आणि मी तो हिरवा रंग प्लगमध्ये पाहिला आणि फडक्यानं पुसला!

मी तसाच ओल्या जमिनीवर आडवा झालो आणि प्लग काढला. दोन पिनांच्या मध्ये हिरवा थर, ओला. प्लगचं रबर कुजून गेलेलं. दर रविवारी जोराच्या फवाऱ्यानं ते पाणी आत शिरायचं. ओल्या मोरचुदातून वीज सहज जाते, म्हणजे सेन्सरपर्यंत न जाता ती मधल्यामध्ये पळ काढायची. कॉम्प्युटरला वाटायचं, वीज अडतच नाही, म्हणजे ऑइल उकळलं. मंगळवार-बुधवारपर्यंत प्लग सुकला की गाडी बरी. पुन्हा रविवार, पुन्हा सोमवारचा ताप. नवा सेन्सर टाकला तेव्हा मी फडकं फिरवलं होतं, म्हणून तीन-चार सोमवार बरे गेले. त्यात सेन्सरचा काही हात नव्हता.

सेन्सर निर्दोष होता. ज्याला मी गावभर खोटारडा म्हणत फिरलो तो जुना सेन्सर माझ्या खणात पडला होता. दुसऱ्या दिवशी मी तो चहाच्या पातेल्यात पाणी घालून थर्मामीटरसोबत शेगडीवर ठेवला. पाणी तापत गेलं तसा तो प्रत्येक अंशाला बरोबर उत्तर देत गेला. त्या सगळ्या प्रकरणात खोटं बोलणारा एकच होता आणि तो गॅस बारीक करत उभा होता.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या सांजेला मी ओल्या पाठीनं गाडीखालून निघालो आणि काळी पट्टी सोडून तो तुकडा प्रल्हादच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"हे म्या लावलं होतं. रामनवमीच्या आधी. गाडी तापली तरी दिवा लागू नये म्हून. बिघाड मले सापडला नवता, अन् तुले सांगाची लाज वाटली."

प्रल्हाद त्या तुकड्याकडे पाहत राहिला. फवाऱ्याचं पाणी नळीतून नुसतं वाहत होतं. "म्हंजे दिवा लागलाच नसता?"

"कधीच नाई."

"अन् तुमी म्हणलं बिनघोर चालवा."

"हओ."

त्यानं पंप बंद केला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमनवैनी दारात उभ्या होत्या. त्यांना मी म्हणालो, "वैनी, तुमी पयल्याच दिवशी सांगतलं होतं, सोमवार म्हून. म्या हासलो."

"हासले ना तुमी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मिस्तरी हासले म्हंजे मीच येडी."

पंचवीस-तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना मूर्ख समजत आलो. त्यातल्या किती जणांनी मला आजार पहिल्याच वाक्यात सांगितला असेल आणि मी हसलो असेन, याचा हिशोब आता लागणार नाही.

नवा प्लग, नवं रबर, वर ग्रीस, नवं ऑइल, आणि तो जुना निर्दोष सेन्सर परत आपल्या जागी. गाडी धुवायला साधी बादली आणि फडकं. हे सगळं झाल्यावर सुमनवैनी म्हणाल्या, "आता पोहरादेवीले जाऊ. अन् भाऊ, तुमी बी मांगं बसा. वास आला त सांगाले."

एका साध्या सोमवारी आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी, मांडीवर स्कॅनर. रस्ता मोकळा. चढावर आकडा वाढत गेला, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, आणि उतारावर आपोआप खाली आला. खरा आकडा असा हलतो. तो आदला ऐंशी कधीच हलला नव्हता, तेव्हाच मला तो टोचायला हवा होता. प्रल्हाद नजर रस्त्यावर ठेवून चालवत होता. देवळासमोर त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. वैनी म्हणाल्या, "रडू द्या. मंग उतरू." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

उतरताना वैनींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. एक लाल टिकली काढून माझ्या स्कॅनरवर, बरोबर दिव्याच्या शेजारी चिकटवली. "तुमीच सांगतला होता ना तो किस्सा," म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

ती टिकली मी काढली नाही. परवा गुरुजी आले, नव्या गाडीचं ऑइल बदलायला. स्कॅनरवर टिकली पाहून त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "काय हो मिस्तरी, माझी दोन वर्षं गावभर बदनामी केली, आणि तुमच्याकडेही मंडळींनी लावली?" मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. नवस, तो तुकडा, उन्हात दगडावर बसलेला प्रल्हाद, काहीच वगळलं नाही.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. चष्मा काढून धोतराला पुसला. म्हणाले, "माझ्या टिकलीनं माझंच इंजिन गेलं, मिस्तरी. तुमच्या टिकलीनं दुसऱ्याचा पाय जाणार होता. दुसऱ्यांदा."

मी चहा सांगितला.